गल्लीची लाज आणि मी फुंक्या

धम्मप्रियाला वाटलं होतं, सोलापुरात पाऊल टाकताच धुराने आपले डोळे चुरचुरतील. परदेशात शिकताना तिने आपल्या शहराचं एक चित्र मनात रंगवून ठेवलं होतं. चौकाचौकात विड्यांचा धूर, घराघरात खोकल्याची उबळ आणि त्या धुरातून वाट काढत निघालेली ती स्वतः, पाठीला सॅक आणि हातात मी. प्रत्यक्षात सापडलं ते भलतंच. बुधवार पेठेतल्या आपल्याच गल्लीत ती दारोदार फिरली, "घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं का?" असं विचारलं, आणि एकूण एक दाराने एकच उत्तर दिलं.

"छ्या! आमच्यात कुणाला सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाय."

अख्खी गल्ली निर्व्यसनी. आणि गल्लीच्या तोंडाशी शिवप्पाची टपरी, तिच्यापुढे थोटकांचा असा सडा की झाडणाऱ्या बाईने रोज पाटी भरून न्यावी.

हे सगळं सांगणारा मी कोण, असं तुम्ही विचाराल. मी धूरमापक. गल्लीने माझं बारसं केलं आणि नाव ठेवलं फुंक्या, कारण मला भेटायचं म्हणजे माझ्यात फुंकावं लागतं.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तळहातावर मावेन एवढा मी, अंगाने पांढरा, पोटात बॅटऱ्या आणि कपाळावर तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. माणसाने विडी ओढली की धुरातला एक वायू त्याच्या रक्तात उतरतो आणि तासन्‌तास तिथे मुक्काम ठोकतो. त्याला रंग नाही, वास नाही. कागदी नळी तोंडात धरून, श्वास जरा रोखून, माझ्यात सावकाश फुंकलं की तो वायू मला कळतो. नाही सापडला तर मी हिरवा होतो. फार सापडला तर लाल होतो आणि वर कर्कश ओरडतोही. मला भिडस्तपणा शिकवलेलाच नाही.

माझी पहिली नोकरी तिकडच्या एका दवाखान्यात झाली. तिथली माणसं सरळ यायची, खुर्चीत बसायची, "मी ओढतो" म्हणायची आणि फुंकायची. डॉक्टर दार लावून घ्यायचे आणि माझा आकडा हळू आवाजात सांगायचे. पुढे दवाखान्यात नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. धम्मप्रिया तिथे लोकांच्या आरोग्याचा अभ्यास शिकत होती. तिच्या प्राध्यापकबाईंनी निरोपाच्या दिवशी मला तिच्या हातात दिलं. शहरातली माणसं किती ओढतात, कोण सोडतंय, कोण नव्याने लागतंय, हे मोजून अहवाल पाठवायचा, असं ठरलं.

पोरगी भारी तळमळीची. विमानात तिने मला पेटीतून काढलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आपण दोघांनी मिळून सोलापूर बिनधुराचं करायचं." शेजारचा प्रवासी झोपल्याचं सोंग करून बसला. मी काहीच बोललो नाही. कुणी फुंकल्याशिवाय मी बोलत नाही.

घरी तिचं स्वागत दणक्यात झालं. घरात माणसं तीन. वडील नवनाथ, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. आई वैजयंती. आणि आजोबा त्रिंबक, गिरणीतून निवृत्त झालेले, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणते. आबांचा दरारा असा की ते काठी टेकत बाहेर आले की बसलेली माणसं उठून "जय भीम, आबा" म्हणायची आणि ज्याच्या हातात जे असेल ते मुठीत जायचं.

मुठीत काय जातं, हे त्या वेळी मला कळलं नव्हतं.

मग सर्वेक्षण सुरू झालं आणि धम्मप्रियाच्या डोक्याला हात लावायची पाळी आली. गल्लीत कुणीच ओढत नाही म्हटल्यावर ती म्हाताऱ्यांकडे गेली. म्हातारे म्हणाले, "विडीचा जमाना गेला की. आता ही कालेजची पोरं ओढत्यात, सुट्टी सिगारेट आन् कटिंग चहा." ती कॉलेजच्या पोरांकडे गेली. पोरं म्हणाली, "आम्ही नाही, ताई. एमआयडीसीच्या गेटवर बघा." गेटवरचे कामगार म्हणाले, "आत बंदी हाय, भाईर टाइम न्हाय. रिक्षावाल्यांना विचारा." रिक्षावाल्यांनी तर मला पाहताच रिक्षा चालू केल्या. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला पोलिसांनी मला पाठवलंय, असा त्यांचा पक्का समज झाला होता. जो एक सापडला तो म्हणाला, "आमी मावा खातो ताई, धूर कुटं आला त्यात? धूर त्या म्हाताऱ्यांचा."

असा तो धूर सगळ्या शहराला एक चक्कर मारून पुन्हा म्हाताऱ्यांपाशी आला. कुणाचाच नव्हता.

"हे लोक खोटं बोलतात," धम्मप्रिया संतापून आईला म्हणाली. "तोंडावर!"

वैजयंतीबाई भाकरी थापत होत्या. "खोटं कशाला? लाज म्हण की."

"लाज कसली त्यात?"

"असती," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

तेव्हाच धम्मप्रियाने थांबायला हवं होतं. पण तळमळीच्या माणसाला थांबणं ठाऊक नसतं. तिने रविवारी समाजमंदिरात शिबिर ठेवलं. "माणूस खोटं बोलेल, मशीन बोलणार नाही," असं फळ्यावर लिहिलं. मला फार अभिमान वाटला.

शिबिराची बातमी पसरली आणि गल्लीत एक गुपचूप धावपळ सुरू झाली. विडीचा वास घालवायला पेरूचा पाला चावावा, हे इथलं जुनं ज्ञान. नवनाथच्या दारातल्या पेरूला रविवारी सकाळी एक पान शिल्लक राहिलं नाही. झाड बघून वैजयंतीबाईंना वाटलं, रात्री शेळ्या येऊन गेल्या. ज्यांना पाला मिळाला नाही त्यांनी वेलदोडे चावले, बडीशेपेचे बकाणे भरले. एकाने तर म्हणे कच्चा कांदा खाल्ला. सगळे छाती काढून, हिरव्या दातांनी समाजमंदिरात येऊन बसले.

बिचारे! मला नाकच नाही. मला वास येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मंडळाच्या पोरांनी उत्साहाने गणपतीतला मोठा स्पीकर लावला होता. धम्मप्रियाने माइक हातात घेतला. तिच्या अभ्यासात पहिल्याच पानावर शिकवलेलं होतं की माणसाचा आकडा त्याचा त्यालाच सांगावा, दाराआड सांगावा. पण लपवाछपवीचा तिला इतका राग आलेला की ते पान ती विसरली.

"आधी निरोगी श्वास कसा असतो ते बघू," ती माइकवर म्हणाली. "हे माझे पप्पा. यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. पप्पा, या."

नवनाथ जागचा हलेना. "अगं, मला कशाला? पोरांचं घे की आधी. मला जरा पाण्याचं बघायचंय."

"पप्पा, या ना. दोन मिनिटांचं काम."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवनाथ आला, पाला चावून हिरवं झालेलं तोंड पुसलं आणि फुंकलं. फार हळू फुंकलं, जणू दिवा विझू नये म्हणून जपतोय. त्याने काय होतंय? मी लाल झालो आणि ओरडलो. माइक माझ्याशेजारीच होता. माझा आवाज स्पीकरमधून निघाला तो गल्ली ओलांडून रस्त्यापर्यंत गेला. बाहेर झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "नवनाथभाऊ, पार भोंगाच झाला की!"

"मशीन नीट धर गं पोरी," पुढच्या रांगेतून आबा गरजले. घराण्याची अब्रू वाचवायला ते काठी टेकत उठले. "पोराच्या तोंडात काय अडाकलं आसंल. आन इकडं. मी दावतो."

आबांनी खिशातून आणखी एक वेलदोडा काढून तोंडात टाकला, मिशा सारख्या केल्या आणि गिरणीत चाळीस वर्षं काढलेल्या छातीतून अशी फुंक मारली की माझी कागदी नळीच उडाली. नवी नळी लावावी लागली. दुसऱ्या फुंकेला मी नवनाथच्या वेळेपेक्षा मोठ्याने ओरडलो.

"आबा, तुम्हीसुद्धा?" धम्मप्रियाने विचारलं. तेही माइकवरून.

आबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते आपल्या पन्नाशीच्या लेकाकडे बघत होते आणि लेक जमिनीकडे.

"नवनाथ," आबा हळूच म्हणाले, "भिताडाच्या ह्या अंगाला तू आस्तुयास व्हय?"

"आन् पल्याडनं काडी मागणारा हात..." नवनाथने मान वर केली.

"माझाच की."

सगळं समाजमंदिर हसून लोळायचं बाकी राहिलं. भिंतीची हकिगत अशी. समाजमंदिरामागे एक उंच भिंत आहे. चोरून ओढणारे तिच्या दोन्ही अंगांना उभे राहतात. तिथला कायदा कडक: बोलायचं नाही, डोकवायचं नाही, कुणी दिसला तर दिसला नाही असं समजायचं. काडी नसली तर फक्त हात वर करायचा, पलीकडचा माणूस हातावर काडीपेटी ठेवतो. बापाने लेकाकडून आणि लेकाने बापाकडून कित्येक वर्षं अशा काड्या घेतल्या होत्या. दोघांनीही घरी एकमेकांसमोर कधी सुपारी फोडली नव्हती.

त्यानंतर रांगच लागली. लाल, लाल, पिवळा, लाल. मिश्री लावून काळे दात झालेल्या आजीबाई मात्र हिरव्या निघाल्या आणि "बघा, म्हणून मी मिश्रीच लावते," असं सांगत फिरल्या. मिश्रीचा धूर होत नाही, मला ती दिसत नाही. कडक भाकऱ्या करून विकणारी बसव्वा तर भलतीच अडचणीत आली. जन्मात विडी न पाहिलेली ती बाई लाल निघाली. तिच्या सुनेने टाळीच वाजवली. "आत्या, कवापासनं?" दिवसभर चुलीच्या धुरात बसल्याने असं होतं, हे धम्मप्रियाने घसा फोडून सांगितलं, पण सून ऐकण्याच्या पलीकडे गेली होती.

संध्याकाळी धम्मप्रिया मला पेटीत ठेवताना म्हणाली, "फुंक्या, आज पहिल्यांदा ही गल्ली खरं बोलली." आम्ही दोघेही फार खूश होतो.

पुढचा आठवडा मी तिच्या टेबलावर, खिडकीपाशी होतो. तिथून सगळी गल्ली दिसते. जे पाहिलं त्यावर माझा विश्वास बसेना.

दुसऱ्याच दिवशी नवनाथ कामावरून आला, हातपाय धुतले आणि दारातल्या पायरीवर बसून विडी पेटवली. उघड्यावर, भर संध्याकाळी. आबा बाहेर आले. नवनाथचा हात सवयीने पाठीमागे गेला. आबा घटकाभर उभे राहिले आणि म्हणाले, "आसू दे. आता काय ऱ्हायलंय? सरक जरा." आणि शेजारी बसले. समोरच्या घरातला शिपाई खिडकीत आला, त्यानेही पेटवली. "आबांचंच उघडं पडलं तर आपलं काय झाकायचं?" असं तो बायकोला म्हणाला ते मी ऐकलं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. या गल्लीतला माणूस बापासमोर ओढत नव्हता, सुनेसमोर ओढत नव्हता, जावई, मास्तर, मोठा भाऊ, कुणासमोरच नाही. एक विडी ओढायची तर आधी निमित्त काढायचं, मग भिंतीमागे जायचं, मग वास घालवायचा. एवढा खटाटोप दिवसातून किती वेळा जमणार? सगळ्यांना सगळ्यांचं थोडंफार माहीत होतं, पण माहीत नाही असं सगळे धरून चालले होते. त्या नाटकाने गल्लीचा निम्मा धूर अडवून धरला होता. आम्ही दोघांनी तो पडदा ओढून फाडला.

आठवड्याच्या शेवटी शिवप्पा आला. गल्लीच्या तोंडाची टपरी त्याचीच. अक्कलकोटकडचा माणूस, बोलण्यात कानडी हेल. हातात नारळ, उदबत्ती आणि कुंकवाची पुडी.

"अक्का, ते मशीन कुटं हाय?"

"कशाला, शिवप्पाकाका?" धम्मप्रियाने विचारलं.

"पूजा करतो की."

"मशीनची?"

"मग? आदी लोक एकेक विडी सुट्टी न्यायचे. रुमालात बांधून, चोरासारखं. अर्दी वढून इझवायचे, कोण आलं म्हणून. आता बंडल मागतात, अक्का. बसून वढतात निवांत. मी टपरीपुडं बाकडं टाकलो." त्याने मला उचललं, कपाळाला म्हणजे नेमकं माझ्या हिरव्या दिव्याला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि पुटपुटला, "देवा, लई उपकार केलंस." मग धम्मप्रियाला म्हणाला, "शिबिर पुन्ना कदी ठेवता? शेजारच्या गल्लीत पण ठेवा की."

उदबत्तीचा धूर माझ्या तोंडात गेला आणि मी पिवळा झालो. शिवप्पाला वाटलं, देव प्रसन्न झाला.

तो गेला आणि धम्मप्रिया त्याने ठेवलेला नारळ घेऊन खाली बसली. नारळ तिच्या मांडीत तसाच राहिला.

संध्याकाळी ती पायरीवर वडिलांशेजारी जाऊन बसली. नवनाथला खोकल्याची उबळ आली होती. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने मनगटाने पुसलं. हातात विडी होतीच. शेजारी बंडल उघडं पडलेलं.

"पप्पा, आधी तुम्ही दिवसाला किती ओढत होतात?"

"लपूनछपून किती जमतंय? सकाळी एक, सांजच्याला एक. ज्या दिवशी तुझा फोन यायचा त्या दिवशी ती पण न्हाय."

"का?"

"तुला आवाजातनं कळंल म्हणून." नवनाथ जरा ओशाळून हसला. "तू तिकडं त्याचंच शिकत हुतीस की."

धम्मप्रिया बंडलातल्या विड्या मोजू लागली. मग म्हणाली, "आणि आता?"

नवनाथने बंडलाकडे पाहिलं. "आता कुणाला भ्यायचं? तूच मोजलंस की सगळ्यांसमोर."

तो रागाने म्हणाला नव्हता. म्हणूनच ते तिला फार लागलं. तिने डॉक्टरचं नाव काढलं, फुप्फुसांची चित्रं दाखवली, हात धरला. तो प्रत्येक वेळी "व्हय गं, व्हय" म्हणाला आणि प्रत्येक वेळी पुढची विडी पेटवली. ज्या माणसाला ती वाचवायला आली होती त्याला तिने दोन विड्यांवरून बंडलावर नेऊन ठेवलं होतं.

तेवढ्यात आबा काठी आपटत आले. ते फार चिडलेले होते.

"काय झालं, आबा?"

"काय व्हायचंय? परवापातुर मला बघून लोकं विडी मुठीत दाबत हुती, हात भाजला तरी सोडत न्हवती. आन् आज त्या शिपायाच्या पोरानं, मिसरूड फुटलं न्हाय नीट, मला आडवला आन् म्हणला, 'आबा, काडी हाय का?'" आबांनी पुन्हा काठी आपटली. "मला! काडी!"

"मग तुम्ही काय केलं?"

"दिली," आबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

बाप खोकतोय, आजोबा अपमानाने गप्प बसलेत आणि गल्लीच्या तोंडाशी शिवप्पाचं बाकडं गजबजलंय. धम्मप्रिया उठून आत आली, माझ्यासमोर बसली. तिने माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. "तुझं काही चुकलं नाही रे," ती म्हणाली. "मी चुकले."

रात्रभर ती त्यावर विचार करत असावी, कारण सकाळी उठली ती ठरवूनच.

पायरीवरच्या बंडलातून तिने दोन विड्या काढल्या. मला ओढणीखाली घेतलं आणि समाजमंदिरामागच्या भिंतीपाशी गेली. इतक्या सकाळी तिथे चिटपाखरू नव्हतं. तिने विडी ओठात धरली, आधी उलटी, मग सुलटी. काड्या विझत गेल्या. शेवटी विडी पेटली आणि तिने पहिला झुरका घेतला. तो ठसका मी आजवर ऐकलेल्या सगळ्या ठसक्यांत पहिला यावा. भिंत धरून ती वाकली, डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी. तरी सोडली नाही. ओढली, ठसकली, पुन्हा ओढली. एक संपवली आणि दुसरी लावली. मी तिच्या हातात होतो आणि मला काही करता येत नव्हतं. घरोघर फिरून "सोडा हो" म्हणणारी पोरगी, आयुष्यातली पहिली विडी अशी डोळे मिटून, औषधासारखी घेत होती.

मग तिने चूळ भरली, बडीशेप तोंडात टाकली आणि गल्लीत गेली. घंटागाडी आली होती. सगळी गल्ली कचऱ्याचे डबे घेऊन दारात.

"जय भीम. जरा सगळे ऐका," ती मोठ्याने म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "रविवारच्या शिबिरात मोठी चूक झाली. हे मशीन जुनं आहे, बिघडलेलं आहे. भलत्यालाच लाल दाखवतं. सगळे आकडे खोटे आहेत. मी सगळ्यांची हात जोडून माफी मागते."

लोक एकमेकांकडे बघू लागले. शिपायाने विडी ओठातून काढली. "बिघडलंय? आसं कसं म्हणतीस, ताई? माझं तर बरोबर..." बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"खरं वाटत नाही? मग बघा. मी ओढते का?"

"तू?" वैजयंतीबाई डबा खाली ठेवत म्हणाल्या. "उदबत्ती लावली तरी नाक दाबतीस."

"मग बघा आता." धम्मप्रियाने नवी नळी लावली, खोल श्वास घेतला आणि माझ्यात फुंकलं.

काय करायचं होतं मी? एवढी भाषणं करणारी ती, माझी मालकीण, माझी मैत्रीण. एक क्षणभर वाटलं, आपणही हिरवं व्हावं. पण मला तेवढं येत नाही. मी लाल झालो आणि ओरडलो.

गल्ली थक्क. आबा काठी टेकत तिच्याजवळ आले. अगदी जवळ. साठ वर्षं विडी ओढलेलं त्यांचं नाक मी पाहिलं, ते एकदा फुललं. त्यांनी नातीचे लाल झालेले डोळे पाहिले, काडीने पोळलेलं बोट पाहिलं. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग गल्लीकडे वळले आणि काठी जमिनीवर आपटली.

"ऐकलं का रे? मशीन खोटं हाय! ह्या पोरीला लाल दाखवतंय म्हंजी त्याला काय अक्कल हाय? मी त्याच दिवशी म्हणलो हुतो, आमच्या घरात कोण ओढत न्हाय. नवनाथ, तू ओढतूस?"

नवनाथच्या हातात पेटलेली विडी होती. त्याने ती शांतपणे घंटागाडीत टाकली. "न्हाय, आबा."

"आन् तू रं?" आबांची काठी शिपायाकडे वळली.

"छ्या, आबा! काय बोलताय?" शिपायाची मूठ मिटली आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आत काहीतरी चांगलंच भाजतंय.

सगळ्या गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. तेवढाच एक श्वास मी मोजला नाही.

प्राध्यापकबाईंना तिने त्याच दिवशी कळवलं की या गल्लीचे आकडे धरू नका, मी माणसांचं गुपित जाहीर केलं, आता पुन्हा पहिल्यापासून, एकेकाला एकट्याला भेटून, मशीनशिवाय विचारेन आणि जो सोडायचं म्हणेल त्याच्या मागे उभी राहीन. आणि मला तिने स्वच्छ पुसून, बॅटऱ्या काढून, कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

तिथे मी आहे. बाहेरून अधूनमधून खोकला ऐकू येतो, पूर्वीपेक्षा कमी. गल्लीतली पोरं मला "खोटा फुंक्या" म्हणतात. त्या सकाळी मी खरंच बोललो होतो, हे फक्त तिघांना ठाऊक आहे: धम्मप्रियाला, आबांना आणि मला. आता तुम्हीही चौथे झालात. म्हणून जाता जाता एक विनंती. कधी सोलापुरात आलात आणि बुधवार पेठेत कुणी माझ्याविषयी विचारलं, तर निःशंक सांगा की फुंक्या पार बिघडलेला आहे. मला खोटं बोलता येत नाही. तेवढं एक माझ्यासाठी तुम्ही बोला.